अडॅप्टरचा रिपल स्कोपवर मोजताना आकडा अडॅप्टरचा असतो की प्रोबचा?

काळी_पाटी

१२ व्होल्ट २ अँपिअरचा एक अडॅप्टर तपासायचा आहे. त्यावरचा राउटर दिवसातून चार-पाच वेळा आपोआप रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरवर रिकाम्या अडॅप्टरचं व्होल्टेज १२.१ येतं, राउटर जोडल्यावर ११.९. म्हणजे मीटरच्या मते सगळं ठीक आहे.

स्कोप (ऑसिलोस्कोप) रिगोल डीएस१०५४झेड, प्रोब त्याच्यासोबत आलेला, १०एक्सवर (सिग्नल दहाव्या हिश्शाला आणणाऱ्या सेटिंगवर). ग्राउंडची क्लिप मायनसला, टोक प्लसला. डीसी कपलिंगवर १२ व्होल्टला जाड रेघ दिसते. एसी कपलिंग केलं की पीक-टू-पीक ४०० मिलिव्होल्टच्या आसपास येतं. पण त्याच रेटिंगच्या नव्या अडॅप्टरवरही ३८० येतं, आणि नव्यावर राउटर व्यवस्थित चालतो. मग दोघांचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) जवळजवळ सारखा कसा? मोजण्यात काय चुकतंय?

आणखी एक. टाइमबेस (पडद्यावरच्या एका आडव्या घराचा वेळ) २० मिलिसेकंदांवर ठेवून स्टॉप केलं आणि झूम केलं, तर साधारण १५ किलोहर्ट्झची लाट दिसते. अडॅप्टरमधल्या आयसीची डेटाशीट मात्र ६५ किलोहर्ट्झ सांगते.

टाइमबेस

आधी एकच चाचणी करा. अडॅप्टर चालू, लोड जोडलेला, क्लिप मायनसला आहे तिथेच. फक्त प्रोबचं टोक प्लसवरून काढून क्लिपच्याच जागी मायनसला टेकवा. आता टोक आणि क्लिप एकाच बिंदूवर आहेत, म्हणजे खरं व्होल्टेज शून्य. तरीही स्क्रीनवर जे उरेल ते तुमच्या मोजमापाचं आहे, अडॅप्टरचं नाही. लांब क्लिपवर बहुधा शे-दोनशे मिलिव्होल्टच्या सुया उरतातच.

कारण ती काळी ग्राउंड वायर. साध्या वायरचा इंडक्टन्स ढोबळमानाने दर सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री धरतात. १५ सेंटिमीटर म्हणजे १५० नॅनोहेन्री. प्रोबच्या टोकाशी १२ पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असतो. या दोघांचा अनुनाद येतो ११९ मेगाहर्ट्झच्या जवळ. अडॅप्टरमधला मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) प्रत्येक वेळी चालू-बंद होताना जो झटका देतो, त्याने हे सर्किट घंटेसारखं वाजतं आणि तुम्ही ते रिपल म्हणून मोजता. शिवाय टोक, प्रोब आणि ती वायर मिळून एक मोठा वेढा तयार होतो. अडॅप्टरच्या ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर पडणारं चुंबकीय क्षेत्र तो वेढा अँटेनासारखं पकडतो. खात्री करायची तर वायर हाताने जवळ-लांब करून बघा, सुयांची उंची बदलेल. खरा रिपल असल्या हालचालीने बदलत नाही.

उपाय प्रोबच्या पिशवीतच असतो. वरची हुकवाली टोपी काढा, आतली सुई आणि तिच्यामागची धातूची कडी उघडी पडते. त्या कडीवर बसणारी छोटी स्प्रिंग पिशवीत मिळते, बरेच जण ती निरुपयोगी समजून फेकून देतात. स्प्रिंग नसेल तर २२ गेजच्या उघड्या तांब्याच्या तारेचे तीन-चार घट्ट वेढे कडीवर द्या आणि टोक ६-७ मिलिमीटर पुढे काढा. ग्राउंडची लांबी १ सेंटिमीटरवर आली की अनुनाद ४५० मेगाहर्ट्झच्या पुढे जातो, तुमच्या ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपला तो दिसतही नाही.

मायक्रोफॅरड

त्याआधी दोन स्विच बघा. प्रोबवर १एक्स-१०एक्सचा सरकता स्विच असतो आणि चॅनेलच्या मेनूत वेगळी सेटिंग असते. या साध्या प्रोबचा स्विच कुठे आहे ते स्कोपला कळत नाही. प्रोब १एक्सवर आणि मेनू १०एक्सवर राहिला तर ४० मिलिव्होल्टचे ४०० दिसतात. डीसीवर १२ व्होल्ट बरोबर दिसले म्हणताय, म्हणजे तुमच्याकडे जुळलेलं आहे. पण टोपी काढताना स्विच सहज सरकतो, म्हणून दर वेळी १२ व्होल्ट वाचून मगच पुढे जा.

दुसरं, कॉम्पेन्सेशन. १०एक्स प्रोबच्या टोकात ९ मेगाओहम असतो, स्कोपच्या आत १ मेगाओहम. डीसीसाठी एवढा भागाकार पुरतो. पण प्रोबची केबल आणि स्कोपचं इनपुट मिळून समजा १०० पिकोफॅरड होतात, ते त्या १ मेगाओहमला समांतर बसतात. जास्त फ्रिक्वेन्सीवर भागाकार कपॅसिटर ठरवतात, रेझिस्टर नव्हे. म्हणून ९ मेगाओहमलाही समांतर कपॅसिटर लागतो, आणि तो बरोबर नवव्या हिश्शाचा, म्हणजे ११ पिकोफॅरडचा हवा. प्रोबवरचा बारीक स्क्रू हा हिशोब जुळवतो.

टोक स्कोपच्या पुढच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी तरंगाच्या पट्टीला लावा. कोपरे गोल दिसले तर भरपाई कमी, कोपऱ्यावर शिंग दिसलं तर जास्त. माथा सपाट होईपर्यंत स्क्रू फिरवा. पेचकस प्लॅस्टिकचा घ्या, धातूचा टेकवला की त्याचाच कपॅसिटन्स मिसळतो आणि काढल्यावर सेटिंग हललेलं दिसतं. प्रोब दुसऱ्या चॅनेलला लावला तर पुन्हा जुळवा, कारण प्रत्येक चॅनेलचा इनपुट कपॅसिटन्स थोडा वेगळा असतो. हे चुकलं तर डीसी अगदी अचूक दिसतं आणि ६५ किलोहर्ट्झचा आकडा मात्र दहा-वीस टक्क्यांनी खोटा येतो. मल्टिमीटरशी ताडून ही चूक कधीच सापडत नाही.

थोडं विषयांतर, पण उपयोगाचं: प्रोब सर्किटवर ओझं टाकतो ते याच कपॅसिटन्समुळे. १२ पिकोफॅरड म्हणजे ६५ किलोहर्ट्झला दोन लाख ओहम, अडॅप्टरच्या आउटपुटला त्याचं काहीच वाटत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या पिनवर तोच प्रोब लावला तर ८०० ओहमच्या आसपास पडतो, फ्रिक्वेन्सी सरकते. १एक्सवर पन्नास ते शंभर पिकोफॅरड असतात, तेव्हा क्रिस्टल बंदच पडू शकतो आणि दोष नसलेला बोर्ड सदोष ठरतो.

टाइमबेस

आता सेटिंग्ज. एसी कपलिंग का करायचं ते नीट समजून घ्या. या स्कोपचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) ८ बिटचा, म्हणजे पूर्ण उंचीला जेमतेम अडीचशे पायऱ्या. १२ व्होल्ट डीसी पडद्यावर बसवायला २ व्होल्ट प्रति घर ठेवलं तर आठ घरांत १६ व्होल्ट, एक पायरी ६० मिलिव्होल्टच्या वर. ५० मिलिव्होल्टचा रिपल एका पायरीतच हरवतो. जाड रेघ दिसली ती याचमुळे. एसी कपलिंगमध्ये डीसी अडवलं जातं, मग २० मिलिव्होल्ट प्रति घर लावता येतं आणि पायरी एका मिलिव्होल्टच्या आत येते.

रिपल मोजताना चॅनेल मेनूत २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू करा. ही पळवाट नाही, पॉवर सप्लायचा रिपल अशाच पद्धतीने सांगितला जातो. कॉम्प्युटरच्या एटीएक्स सप्लायसाठी इंटेलच्या डिझाइन गाइडमध्ये १२ व्होल्टला १२० मिलिव्होल्ट आणि ५ व्होल्टला ५० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक अशी मर्यादा आहे. ती २० मेगाहर्ट्झच्या मर्यादेत मोजायची, आणि मोजण्याच्या जागी १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक व ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक समांतर लावून. तुमच्या अडॅप्टरलाही हीच रीत वापरा. डीसी सॉकेटच्या पायांवर हे दोन कपॅसिटर सोल्डर करा आणि स्प्रिंगवाला प्रोब थेट त्यांच्या पायांवर टेकवा.

लोडशिवाय मोजू नका. १२ ओहम २५ वॅटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर समांतर लावले की ६ ओहम, २ अँपिअर, एकूण २४ वॅट. प्रत्येकी १२ वॅट उष्णता, हात लावू नका, प्लॅस्टिकवर ठेवू नका. गाडीचा २१ वॅटचा बल्ब लोड म्हणून लावायचा मोह होतो. पण थंड तंतूचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, अडॅप्टर त्याला शॉर्ट समजून बंद-चालू होत राहतो आणि चांगला अडॅप्टर खराब वाटतो.

कोकणी_कॅथोड

स्प्रिंग एका हातात धरून मोजणं जमत नसेल तर प्रोबच वापरू नका. ५० ओहमची बारीक कोॲक्स केबल घ्या, आरजी१७४ चालेल. तिची जाळी थेट मायनसला सोल्डर करा. मधली तार ४७ ओहमच्या रेझिस्टरमधून प्लसला. दुसऱ्या टोकाला बीएनसी (स्कोपच्या इनपुटला बसणारा कनेक्टर) लावून सरळ स्कोपला, इनपुट १ मेगाओहमच आणि मेनूत १एक्स. तो ४७ ओहम केबलमध्ये परत आलेली लाट शोषून घेतो, आणि आकडा पूर्ण मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला क्रिम्पचे आणि सोल्डरचे असे दोन्ही बीएनसी मिळतात. घरी करायचं तर सोल्डरचे घ्या, क्रिम्पला पक्कड वेगळी लागते.

स्कोपच्या बाजूला ५० ओहमचं टर्मिनेशन लावून डीसी कपलिंगवर १२ व्होल्ट देऊ नका. १२ चा वर्ग भागिले ५० म्हणजे जवळजवळ २.९ वॅट. ज्या स्कोपमध्ये ५० ओहम आतच असतो, तिथे साधारण ५ व्होल्ट आरएमएसची मर्यादा असते. तो रेझिस्टर जळतो आणि दुरुस्ती महागात जाते.

काळी_पाटी

सगळं केलं. टोक-क्लिप एकत्र धरून लांब वायरवर ३१० मिलिव्होल्ट आले, म्हणजे बहुतेक आकडा वायरचाच होता. स्प्रिंग, दोन कपॅसिटर, २० मेगाहर्ट्झ लिमिट आणि ६ ओहम लोड लावून आता नवा अडॅप्टर ४५ मिलिव्होल्ट दाखवतो. जुन्याचा वेगवान रिपल ६० मिलिव्होल्ट, पण त्याशिवाय मधूनमधून मोठे खड्डे दिसतात, ते पडद्यावर स्थिर राहत नाहीत. १५ किलोहर्ट्झची लाट नव्या अडॅप्टरवरही दिसते.

निळी_वायर

ती १५ किलोहर्ट्झची लाट खरी नाही, आणि ती कुठून आली ते तुमच्याच आकड्यांवरून काढता येतं. मेमरी डेप्थ (स्कोप एका वेळी किती नमुने साठवतो) १२के पॉइंटवर ठेवलेली असणार. २० मिलिसेकंद गुणिले आडवी १२ घरं, २४० मिलिसेकंद. त्यात १२,००० नमुने म्हणजे दर २० मायक्रोसेकंदाला एक, सेकंदाला ५० हजार. ६५ किलोहर्ट्झचा तरंग ५० किलोहर्ट्झने चाचपला तर उरतात १५. याला एलियासिंग म्हणतात. जत्रेतल्या चक्राचा व्हिडिओ काढला की चक्र उलटं फिरताना दिसतं, तसंच हे.

स्कोपवर १ गिगासॅम्पल लिहिलेलं असतं ते फक्त एका चॅनेलला आणि वेगवान टाइमबेसला. या मॉडेलमध्ये दोन चॅनेल चालू केले की ५०० मेगा, तीन-चार केले की २५०. टाइमबेस हळू केला की मेमरी भरू नये म्हणून स्कोप नमुने आणखी विरळ घेतो, तेही न सांगता. म्हणून पडद्यावरचा एसए/एस (सेकंदाला किती नमुने) आकडा वाचायची सवय लावा. तो मोजायच्या फ्रिक्वेन्सीच्या दहापट असेल तर निश्चिंत राहा, अडीचपटीच्या खाली गेला तर आकारावर विश्वास ठेवू नका.

उपाय तीन. मेमरी १२एमवर न्या, मग २० मिलिसेकंदांवरही ५० मेगासॅम्पल मिळतात. किंवा ॲक्विझिशनमध्ये पीक डिटेक्ट लावा, त्यात एडीसी पूर्ण वेगाने चालतो आणि प्रत्येक तुकड्यातला सर्वांत वरचा-खालचा नमुना ठेवला जातो. सुई कितीही अरुंद असली तरी दिसते, आकार मात्र अंदाजे असतो. तिसरा उपाय सर्वांत साधा: टाइमबेस ५ मायक्रोसेकंदांवर आणा. खरी लाट असेल तर तिचा आवर्तनकाळ तोच राहतो. खोटी असेल तर बदलते किंवा नाहीशी होते.

टाइमबेस

खड्डे स्थिर करायला ट्रिगर (चित्र कोणत्या क्षणी सुरू करायचं ते ठरवणारी सेटिंग) लाइनवर ठेवा. ट्रिगर सोर्समध्ये एसी लाइन असा पर्याय असतो, तो घरातल्या ५० हर्ट्झशी जुळवून घेतो. टाइमबेस ५ मिलिसेकंद. खड्डे जागच्या जागी थांबले तर ते मेन्सशी बांधलेले आहेत, सरकत राहिले तर त्यांचा मेन्सशी संबंध नाही. तेवढ्या एका बटणाने अर्धं निदान होतं.

लाइनवर थांबले नाहीत तर सोर्स चॅनेलवर आणा, उतरती कडा, लेव्हल खड्ड्याच्या अर्ध्यात, मोड ऑटोऐवजी नॉर्मल. ऑटोमध्ये ट्रिगर मिळाला नाही तरी थोडं थांबून स्कोप स्वतःहून चित्र काढतो, म्हणून क्वचित येणारी घटना वाहून जाते. नॉर्मलमध्ये घटना आली तरच चित्र बदलतं. ६५ किलोहर्ट्झच्या दात्यांवर ट्रिगर अडखळत असेल तर एचएफ रिजेक्ट (ट्रिगरसाठी जास्त फ्रिक्वेन्सी गाळणारा पर्याय) लावा. दिवसातून चार वेळा येणारा दोष पकडायचा तर सिंगल लावून स्कोप तसाच सोडा.

ट्रिगर ही गोष्ट नगण्य वाटते, पण स्कोपचं मोजमाप तिच्यावरच उभं आहे. ब्राउनने कॅथोड-रे नळी १८९७ मध्ये बनवली. त्यानंतर कित्येक दशकं तरंग स्थिर करायला स्वीपची (ठिपक्याच्या आडव्या धावेची) फ्रिक्वेन्सी हाताने जुळवत बसावं लागे. १९४७ मध्ये टेक्ट्रॉनिक्सचा ५११ आला. त्यात स्वीप सिग्नलच्याच कडेवर सुरू होई आणि वेळेची मापं ठरलेली असत. तेव्हापासून आडव्या घराला मायक्रोसेकंद म्हणून विश्वासाने वाचता येऊ लागलं.

कोकणी_कॅथोड

आणि डीएसओ (असा डिजिटल स्कोप) नसेल, कॉलेजच्या लॅबमधला २० मेगाहर्ट्झचा सीआरओ (जुना ॲनालॉग स्कोप) असेल, तर या कामाला तो तोकडा नाही. रिपलची मर्यादा २० मेगाहर्ट्झचीच आहे, ती त्याच्यात जन्मजात आहे. नमुने घेणं नाही, म्हणून एलियासिंग नाही. लाइन ट्रिगर त्यातही असतो. फक्त व्होल्ट प्रति डिव्हिजनच्या बटणावरचं छोटं व्हेरिएबल बटण कॅलच्या खाचेत आहे ना ते बघा. ते सुटलेलं असेल तर घरं मोजून काढलेला आकडा चुकतो.

काळी_पाटी

लाइन ट्रिगरवर खड्डे ठाम थांबले. दर १० मिलिसेकंदांनी एक, खोली १.८ व्होल्ट. म्हणजे १०० हर्ट्झ. आता मेन कपॅसिटरवरचं (मेन्स रेक्टिफाय झाल्यावर लगेच येणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवरचं) व्होल्टेज थेट बघावं म्हणतो. क्लिप त्याच्या मायनसला लावून टोक प्लसला, प्रोब १०एक्सवर, ३२५ व्होल्ट सोसेल ना?

अर्थिंग

थांबा. क्लिप तिथे लावू नका. प्रश्न प्रोबच्या व्होल्टेजचा नाही, क्लिपचा आहे.

स्कोपच्या बीएनसीचा बाहेरचा धातू सरळ स्कोपच्या सांगाड्याला आणि तिथून तीन पिनांतल्या अर्थच्या पिनेला जोडलेला असतो. सगळ्या चॅनेलच्या क्लिपा आतून एकच आहेत. अर्थ आणि न्यूट्रल पुरवठ्याच्या बाजूला जोडलेले असतात, म्हणजे तुमची क्लिप ही व्यवहारात न्यूट्रलच आहे. मेन कपॅसिटरचा मायनस मात्र न्यूट्रल नाही. ब्रिजमधला डायोड त्याला प्रत्येक उणे अर्ध्या आवर्तनात फेजशी जोडतो, तेव्हा तो न्यूट्रलच्या तुलनेत उणे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. तिथे क्लिप लागली की अर्थमधून, स्कोपच्या सांगाड्यातून, प्रोबच्या बारीक जाळीतून, क्लिपमधून, त्या डायोडमधून थेट फेजपर्यंत वाट मोकळी होते. पहिल्याच उणे अर्ध्या आवर्तनात डायोड शॉर्ट होतो, फ्यूज उडतो, क्लिपची वायर जळते, कधी बीएनसीजवळचा ट्रॅक पण. ईएलसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर पडेल, पण डायोड त्याच्या आधी गेलेला असतो.

आउटपुटच्या बाजूला हे होत नाही, कारण मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे. दोन्ही बाजूंमध्ये फक्त एक वाय कपॅसिटर असतो. २.२ नॅनोफॅरडमधून ५० हर्ट्झला ०.१६ मिलिअँपिअर जातात. दोन पिनांच्या अडॅप्टरच्या धातूला हात लागला की ज्या झिणझिण्या येतात त्या त्याच. त्याच वाटेने स्विचिंगचा कचराही प्रोबच्या जाळीत येतो. टोक-क्लिप चाचणीत स्प्रिंग लावूनही काही उरलं तर प्रोबच्या केबलचे चार-पाच वेढे फेराइट कड्यातून घ्या.

निळी_वायर

दुरुस्तीच्या दुकानांत स्कोपची अर्थ पिन काढून हॉट साइड (मेन्सशी थेट जोडलेली बाजू) बघतात, तसं चालत नाही का असं पुढे कोणी विचारेल, म्हणून आधीच लिहितो. पिन काढली की स्कोप सुरक्षित होत नाही, स्कोपच जिवंत होतो. सांगाडा, मोकळ्या बीएनसी, यूएसबीचं तोंड, सगळं ३२५ व्होल्टवर. यूएसबीने लॅपटॉप जोडलेला असेल तर तोही. एक हात बटणावर आणि दुसरा टेबलाच्या लोखंडी पायावर, एवढं पुरतं. बॅटरीवरच्या छोट्या स्कोपलाही उघडी बीएनसी असेल तर हेच लागू.

अर्थिंग

बरोबर. योग्य वाटा दोन. पहिली, २३०:२३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तो अडॅप्टरला लावायचा, स्कोपला नाही. स्कोपचं अर्थिंग तसंच राहू द्या. या अडॅप्टरला १०० व्हीए भरपूर झाला. व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नाही, त्यात एकच वाइंडिंग असतं आणि न्यूट्रल आरपार जातं. प्लग काढलेला असताना मीटरने ट्रान्सफॉर्मरच्या इनपुट आणि आउटपुट पिनांमध्ये सातत्य नाही ना ते बघा, सातत्य मिळालं तर तो नुसता ऑटोट्रान्सफॉर्मर आहे. क्लिप लावल्यावर तो बिंदू अर्थवर येतो आणि बाकीचं सर्किट त्याच्या तुलनेत जिवंत राहतं. दुसऱ्या चॅनेलची क्लिप लावायचीच तर त्याच बिंदूला. आणि ट्रान्सफॉर्मरपलीकडे ईएलसीबी तुम्हाला वाचवत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

दुसरी वाट डिफरन्शियल प्रोब. दोन टोकांमधला फरक तोच काढतो, सर्किटचा एकही बिंदू अर्थला बांधत नाही. कामं नेहमीची असतील तर पैसे यातच घाला. दोन साध्या प्रोबनी ए वजा बी करता येतं, दोन्ही क्लिपा सर्किटला न लावता, पण त्यात बारीक सिग्नल दिसत नाही. मॉस्फेटच्या ड्रेनवर मात्र १०एक्स लावूच नका. ३२५ वर ट्रान्सफॉर्मरचं परावर्तित व्होल्टेज आणि वर झटका, मिळून ५००-६०० सहज होतात. शिवाय प्रोबवर छापलेली मर्यादा फ्रिक्वेन्सी वाढली की उतरत जाते. तिथे १००एक्सचा प्रोब.

पण काळी_पाटी, तुम्हाला हॉट साइडला जायची गरजच नाही. उत्तर तुम्ही थंड बाजूलाच, म्हणजे आउटपुटला, मोजलेलं आहे.

मायक्रोफॅरड

हेच म्हणायचं होतं. रिपलची फ्रिक्वेन्सी कपॅसिटरचं नाव सांगते. आउटपुटचा कपॅसिटर सुकला तर त्याचा ईएसआर (कपॅसिटरच्या आतला रोध) वाढतो आणि स्विचिंग फ्रिक्वेन्सीचे दाते उंचावतात. फ्लायबॅकमध्ये (अशा अडॅप्टरांतलं नेहमीचं सर्किट) सेकंडरीच्या करंटचं शिखर समजा ६ अँपिअर. ईएसआर ३० मिलिओहम असेल तर पहिल्या कपॅसिटरवर १८० मिलिव्होल्ट, पुढचा फिल्टर ते आणखी खाली आणतो. तोच ०.३ ओहम झाला तर १.८ व्होल्ट. तुमचे दाते ६० मिलिव्होल्ट आहेत, म्हणजे आउटपुटचे कपॅसिटर धडधाकट आहेत, बदलू नका. १०० हर्ट्झचे खड्डे म्हणजे पूर्णतरंग रेक्टिफायरनंतरचा मेन कपॅसिटर कमी पडतोय. दोन शिखरांच्या मध्ये त्याचं व्होल्टेज इतकं खाली येतं की आयसीला १२ व्होल्ट सांभाळता येत नाहीत.

प्लग काढा. मेन कपॅसिटरवर १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर पाच सेकंद धरा, पेचकसाने ठिणगी पाडू नका. मीटरवर ५ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा, मग कपॅसिटर काढून मोजा.

काळी_पाटी

४७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा आहे. मीटरवर ३.८ मायक्रोफॅरड. वरून फुगलेला अजिबात नाही. पण एवढा कमी असूनही राउटर बराच वेळ चालतो, ते कसं?

मायक्रोफॅरड

ऊर्जेचा हिशोब करा. २४ वॅट बाहेर, ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर आत २८ वॅट. दोन शिखरांमधले साडेसात मिलिसेकंद कपॅसिटरने एकट्याने ओढायचे, म्हणजे ०.२१ जूल. ४७ मायक्रोफॅरडमध्ये ३२५ व्होल्टला जवळजवळ २.५ जूल असतात, त्याला हे जाणवतही नाही. ३.८ मध्ये एकूण साठाच ०.२ जूल. पूर्ण लोडवर तो प्रत्येक वेळी तळाला जातो, तेच तुमचे खड्डे. राउटर शांत असताना समजा ६ वॅट घेतो, तेव्हा चौथा हिस्साच लागतो आणि सगळं चालतं. वायफाय आणि यूएसबी एकदम ओढायला लागले, किंवा त्याच वेळी मेन्स खाली आलं, की रीस्टार्ट. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्याला ११.९ दिसलं.

नवा कपॅसिटर १०५ अंशांचा घ्या. व्होल्टेज ४०० पुरतं, पण पुरवठा २५३ पर्यंत गेला तर शिखर ३५८ होतं, जागा असेल तर ४५० व्होल्टचा बसवा. विकत घेताना व्यास आणि उंची मोजून न्या, या खोक्यांत दोन मिलिमीटरनेही झाकण लागत नाही. पट्टीची बाजू मायनस. जुन्या कपॅसिटरखाली गोंदाचा तपकिरी थर असेल तर खरवडून काढा, काळवंडला की तो वीज वाहायला लागतो. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब लावा: क्षणभर चमकून विझला तर ठीक, पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लोडची चाचणी मात्र बल्ब काढून करा, नाहीतर बल्बच व्होल्टेज पाडतो आणि तेच १०० हर्ट्झचे खड्डे पुन्हा दिसतात.

काळी_पाटी

४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट बसवला, बल्ब चमकून विझला. बल्ब काढून त्याच ६ ओहमवर, त्याच जागी, त्याच सेटिंग्जवर मोजलं: लाइन ट्रिगरला १०० हर्ट्झचं काही दिसत नाही, ६५ किलोहर्ट्झचे दाते ५८ मिलिव्होल्ट. टोक-क्लिप चाचणीत ६ मिलिव्होल्ट उरतात.